छोट्या गावातल्या रस्त्याकडेच्या जुन्या इमारतींचे फोटो कसे काढावेत, आणि जिथं काही वाईट घडून गेलंय तिथं तर नक्कीच कसे काढावेत

गंजलेलं शटर, पोपडे धरलेला रंग, छपरातून वर आलेलं झाड आणि समोरून भरधाव जाणारा रस्ता. असल्या इमारतीचा फोटो कसाही काढला तरी बरा येतो आणि खरी गोची तिथंच आहे. पडकी भिंत फोटोत इतकी पटकन देखणी होऊन बसते की ती पडली का, हे विचारायचं राहूनच जातं. छोट्या गावातला अख्खा बाजाररस्ता बंद पडतो तेव्हा त्याला कारण असतं. कधी बायपास झाला म्हणून, कधी खाण बंद पडली, कधी पूर आला, आणि कधी माणसांनी माणसांशी जे केलं त्यामुळे गाव आतून मोडलं म्हणून. मी हे लिहितोय ते मुख्यतः या शेवटच्या प्रकारच्या गावांबद्दल. माझं म्हणणं एवढंच आहे की इथं काय झालं ते आधी समजून घ्या, कॅमेरा त्यानंतर काढा, कारण कुठं उभं राहायचं, फ्रेममध्ये काय घ्यायचं, रंग ठेवायचे की नाही, खाली काय लिहायचं, हे सगळं त्या माहितीवरूनच ठरतं.

जायच्या आधी घरी बसून करायचं काम

एक उदाहरण घेतो म्हणजे कळेल. अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, ओहायो आणि मिसिसिपी नद्या जिथं मिळतात तिथं केरो नावाचं गाव आहे. 1920 च्या आसपास तिथं पंधरा हजारांच्या वर वस्ती होती, 2020 च्या जनगणनेत दोन हजारसुद्धा भरली नाही. तिथल्या कमर्शियल अव्हेन्यूवरच्या रिकाम्या दुकानांचे फोटो नेटवर ढिगानं सापडतात आणि बहुतेकांखाली 'भुताचं गाव' असलं काहीतरी लिहिलेलं असतं. आता त्या रस्त्यावर काय झालं ते बघा. 1909 मध्ये तिथं जमावानं एका काळ्या माणसाला लिंच केलं. साठच्या दशकात काळ्या मुलांना आत घ्यायला लागू नये म्हणून पोहण्याचा तलाव बंद करून टाकला. 1967 मध्ये एक काळा सैनिक पोलीस कोठडीत मेलेला सापडला आणि गाव पेटलं. 1969 पासून काळ्या रहिवाशांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला, मागणी काय तर आम्ही इथं माल विकत घेतो तर आम्हाला इथं नोकऱ्याही द्या, आणि पुष्कळ दुकानदारांनी काळ्या माणसाला कामावर घेण्यापेक्षा दुकान बंद करणं पसंत केलं. रेल्वे आणि नदीवरचा धंदा घटणं हेही कारण होतंच, पण हे सगळं वाचल्यावर बंद दुकानाचा दरवाजा तुम्ही पूर्वीसारखा बघूच शकत नाही. तो बंद 'पडलेला' नसून कोणीतरी बंद 'केलेला' असू शकतो. आणि दुसरी गोष्ट, तिथं आजही माणसं राहतात, शाळेत जातात, अंगणातलं गवत कापतात. त्यांच्या गावाला भुताचं गाव म्हणणं म्हणजे ते नाहीतच असं म्हणणं झालं.

आपल्याकडच्या धनुष्कोडीचंही असंच आहे. 1964 च्या डिसेंबरातल्या वादळानं गाव गेलं, ते राहण्यायोग्य नाही असं सरकारनं ठरवलं, आपण जातो आणि पडक्या चर्चचा फोटो काढून येतो, आणि त्याच वाळूवर झोपड्या करून राहणारे मच्छीमार फ्रेमच्या बाहेर राहतात.

तर माहिती कुठून काढायची. सगळ्यात आधी त्या भागातली जुनी वर्तमानपत्रं, आता बऱ्याच लायब्ऱ्यांनी ती स्कॅन करून ठेवलीत, गावाच्या नावाबरोबर रस्त्याचं नाव टाकून शोधा, नुसतं गावाचं नाव टाकलं की पसारा येतो. मग जुनी पोस्टकार्डं, कारण एकेकाळी प्रत्येक छोट्या गावाच्या मुख्य रस्त्याचं पोस्टकार्ड निघायचं आणि त्यात दुकानांच्या पाट्या वाचता येतात. अमेरिकेतलं गाव असेल तर सॅनबोर्न कंपनीचे अग्निविम्याचे नकाशे बघाच, ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत. विमा कंपनीला आगीचा धोका कळावा म्हणून ते काढलेले, त्यामुळे एकेक इमारत दाखवलीय, गुलाबी म्हणजे विटांची, पिवळी म्हणजे लाकडी, निळी म्हणजे दगडी, आत दुकान होतं की घर तेही लिहिलेलं. वेगवेगळ्या सालांचे नकाशे शेजारी लावले की इमारत कधी वाढली, मागची खोली कधी जोडली, शेजारचं घर कधी गायब झालं ते दिसतं. इतर देशांत महसुलाचे, सर्व्हेचे, नगरपालिकेचे कागद असतात, कष्ट जास्त पण मिळतं.

गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये जुन्या तारखांचे फोटो बघायची सोय आहे ती फार कामाची, बऱ्याच ठिकाणी 2007-08 पर्यंत मागं जाता येतं. एखादी इमारत दहा वर्षांत किती ढासळली ते कळतं आणि अजून उभी आहे का तेही कळतं, नाहीतर लांबचा प्रवास करून रिकाम्या प्लॉटसमोर उभं राहायची वेळ येते. (रिकामा प्लॉटही काढण्यासारखा असतो, त्याबद्दल पुढं लिहिलंय.)

पोचल्यावर आधी चाला

कॅमेरा बॅगेतच राहू दे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकदा पूर्ण चालून या, मग इमारतीच्या बाजूला आणि मागच्या गल्लीत जा, अर्थात सार्वजनिक रस्ता असेल तिथपर्यंतच. समोरची बाजू म्हणजे दुकानदाराला जे दाखवायचं होतं ते. बाजूची भिंत जास्त बोलते.

समजा जुनं सिनेमा थिएटर आहे. समोर मोठा दरवाजा, तिकिटाची खिडकी, वर नावाची पाटी लावायचा सांगाडा. आता बाजूच्या भिंतीला या. तिथं कधीकधी एक अरुंद दार असतं, किंवा दार होतं आणि आता विटांनी बुजवलंय, आणि बुजवलेल्या विटांचा रंग बाकी भिंतीपेक्षा थोडा वेगळा, चुना वेगळा, वरती कमानीची रेघ अजून तशीच. अमेरिकेच्या दक्षिणेत अशा बाजूच्या दारातून जिना थेट बाल्कनीत जायचा, काळ्या प्रेक्षकांना समोरून यायची परवानगी नव्हती म्हणून. ते दार कोणी बुजवलं, कधी बुजवलं, आणि पुढचा दरवाजा सगळ्यांसाठी उघडला तेव्हाच बुजवलं का, हे भिंतीवरून कळत नाही, पण विचारायचा प्रश्न मिळतो. फोटोग्राफर म्हणून मला त्या थिएटरच्या झगमगीत दर्शनी भागापेक्षा हे बुजवलेलं दार दहापट महत्त्वाचं वाटतं, आणि बहुतेक फोटोंत ते नसतंच कारण लोक समोर गाडी थांबवतात, काच खाली करतात, क्लिक करतात आणि निघून जातात. हे मात्र लक्षात ठेवा की प्रत्येक बाजूचं दार त्यासाठीच होतं असं नाही, कोळसा आत घ्यायलाही दारं असायची, त्यामुळे जुना नकाशा किंवा गावातलं माणूस, दोघांपैकी एकानं तरी दुजोरा दिल्याशिवाय कॅप्शनमध्ये ठोकून देऊ नका.

पेट्रोल पंप, मोटेल, रस्त्याकडेची खाणावळ यांचंही तसंच. 1936 पासून जवळजवळ तीस वर्षं अमेरिकेत काळ्या प्रवाशांसाठी 'ग्रीन बुक' नावाची एक गाइड निघायची, कुठल्या गावात कुठं झोपायला मिळेल, कुठं गाडीत तेल भरून मिळेल त्याची यादी, कारण बाकी ठिकाणी हाकलून द्यायचे, किंवा त्याहून वाईट. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं तिचे बरेच अंक ऑनलाइन ठेवलेत. त्यातला पत्ता घेऊन गेलात तर एखादं साधं दुमजली घर, ज्याकडे कोणी वळून बघणार नाही, तेच गावातलं सगळ्यात महत्त्वाचं घर निघू शकतं. म्हणजे देखणी पडझड शोधत फिरलात तर अशी घरं हातून सुटणारच.

अजून एक, इमारतीत कोणी राहतं का ते बघा. पडदा, कुंडी, चालू असलेला विजेचा मीटर, पायरीवरच्या चपला, दारातली ताजी टपाल. वरचा मजला कोसळलाय आणि खाली कुटुंब राहतंय असं सर्रास असतं. तिथं राहणाऱ्याच्या घराचा फोटो आपण 'ओसाड' म्हणून नेटवर टाकला तर तो त्याला कोणीतरी दाखवणारच.

कुठं उभं राहायचं, कुठली लेन्स

समोरासमोर, सरळ, डोळ्याच्या उंचीवरून. वॉकर इव्हान्सनं 1935-36 मध्ये सरकारी नोकरीत असताना अलाबामा-मिसिसिपीकडची दुकानं, चर्चं, पंप असेच काढले, मोठा कॅमेरा, समोरून, काही नाटक नाही. जर्मनीत बेशर दाम्पत्य, बर्न्ड आणि हिला, 1959 पासून पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे असेच ढगाळ उजेडात समोरून काढत राहिले. सरळ काढलेल्या फोटोत इमारत स्वतः काय आहे ते दिसतं, फोटोग्राफर किती हुशार आहे ते दिसत नाही, आणि इथं आपल्याला तेच हवंय. खाली बसून वाइड लेन्सनं वर बघत काढलं की साधं दुकान भुतबंगला होऊन जातं.

फुल फ्रेमवर (म्हणजे जुन्या 35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) 35 ते 50 मिमी बास आहे. मोबाइल असेल तर मुख्य कॅमेरा साधारण 24-26 मिमीचा असतो, तो चालेल, पण मागं सरायला जागा असेल तर 2x वर काढा, अल्ट्रावाइड शक्यतो नकोच, कडेच्या भिंती ताणल्या जातात. कॅमेरा वर तिरका केला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडं झुकतात आणि इमारत मागं पडतेय असं वाटतं. टिल्ट-शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा सपाट ठेवून नुसती लेन्स वर सरकवता येते ती, असेल तर प्रश्नच नाही पण ती महाग, तर सोपा उपाय असा, कॅमेरा उभा धरा, लेव्हल चालू करून एकदम सपाट ठेवा, मागं सरका, म्हणजे खाली रस्ता भरपूर येईल आणि वर इमारतीचा माथा बसेल, नंतर खालचा रस्ता कापा. समोरच्या बाजूला पायऱ्या किंवा कट्टा असेल तर त्यावर उभं राहिलं तरी फरक पडतो. सॉफ्टवेअरनं सरळ करता येतं पण त्यात कडा कापल्या जातात, म्हणून काढतानाच चारी बाजूंना मोकळी जागा ठेवा.

अ‍ॅपर्चर f/8 च्या आसपास, आयएसओ 100, ट्रायपॉड, आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली. एवढं पुरे. ट्रायपॉडचा फायदा नुसता शार्पनेसचा नाही, तो लावला की माणूस सावकाश होतो आणि गावातल्या लोकांनाही दिसतं की हा चोरून काही करत नाहीये.

आता रुंद फ्रेमबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मला वाटतं सगळ्यात जास्त फरक इथंच पडतो. मिसिसिपी राज्यात मनी नावाची वस्ती आहे, रेल्वेरुळांना लागून रस्ता आणि रस्त्यालगत ब्रायंट यांचं किराणा दुकान. ऑगस्ट 1955 मध्ये चौदा वर्षांचा काळा मुलगा एमेट टिल त्या दुकानात गेला, दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला असा आळ त्याच्यावर आला, काही दिवसांनी दुकानमालक आणि त्याच्या सावत्र भावानं त्याला रात्री घरातून उचलून नेलं आणि मारून नदीत टाकलं. सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीनं दोघांना निर्दोष सोडलं आणि पुढच्याच वर्षी दोघांनी एका मासिकाला पैसे घेऊन कबुली दिली. ते दुकान आज छप्पर गेलेलं, वेलींनी गिळलेलं, चार भिंतींचे तुकडे उरलेलं असं आहे. बहुतेक फोटो तेवढ्याचेच असतात, वेली, विटा, छान मऊ उजेड. पण त्याच्या अगदी शेजारी एक जुना पेट्रोल पंप आहे, आणि तो पंप नागरी हक्कांचा इतिहास जपण्यासाठीच्या सरकारी पैशातून दुरुस्त करून, रंगवून नीटनेटका केलाय. ज्या दुकानात ती गोष्ट सुरू झाली ते ढासळतंय आणि शेजारचा पंप चकाचक. हे दोन्ही एका फ्रेममध्ये घेतले की तो फोटो काहीतरी सांगायला लागतो, नुसत्या वेलींचा फोटो काहीच सांगत नाही.

म्हणून प्रत्येक इमारतीचे निदान तीन फोटो. एक लांबून, ज्यात रस्ता, शेजारच्या इमारती, विजेचे खांब, असतील तर नवीन दुकानं, सगळं आलं पाहिजे. दुसरा फक्त इमारत, सरळ. तिसरा जवळून, कडी, पाटी, बुजवलेलं दार, गोळीची खूण, जे काय असेल ते. आणि पहिल्या फोटोत उभी असलेली गाडी किंवा मोबाइल टॉवर आला म्हणून वैतागू नका, तो मुद्दाम घ्या, त्यावरून तर कळतं की हे आजचं आहे.

उजेड

कंपास काढा आणि इमारतीचं तोंड कुठं ते बघा. पूर्वेला असेल तर सकाळ, पश्चिमेला तर दुपार उलटल्यावर. उत्तर गोलार्धात उत्तरेकडं तोंड असेल तर हिवाळ्यात त्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही, तिथं ढगाळ दिवस बरा, किंवा उन्हाळ्यात अगदी सकाळी नाहीतर संध्याकाळी. सूर्य कधी कुठं असेल ते दाखवणारी ॲप्स आहेत, एक ठेवाच.

ढगाळ उजेड माझ्या मते अशा कामाला सगळ्यात प्रामाणिक, सावल्या नाहीत, सगळं वाचता येतं. फक्त पांढरं आकाश फार घेऊ नका. सूर्यास्ताचा सोनेरी उजेड मात्र मी टाळतो, जिथं माणसं मारली गेली ती भिंत सोनेरी करून दाखवायची मला गरज वाटत नाही.

एक वेळ अशी असते जी सोडू नका. ऊन भिंतीवरून निघून जायच्या आधी थोडा वेळ ते भिंतीला घासून, एकदम तिरकं जातं. तेव्हा एरवी न दिसणाऱ्या गोष्टी वर येतात, खिडकी बुजवल्याची चौकट, पाटीचे खिळे, पुराच्या पाण्याची रेघ, गोळ्यांचे खळगे. त्या वेळी भिंतीच्या जवळ राहा आणि कॅमेरा तयार ठेवा.

भिंतीवर रंगवलेल्या जुन्या जाहिराती असतात, पुसट झालेल्या, एकावर एक दोन-तीन थर. पूर्वीच्या रंगात शिसं असायचं म्हणून त्या इतकी वर्षं टिकल्या. पाऊस पडून गेल्यावर ओल्या भिंतीवर अक्षरं जास्त उठून दिसतात, हे करून बघाच. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लेन्सवर लावला तर ओल्या भिंतीवरची चमक कमी होते, पण वाइड लेन्सवर तो आकाशात गडद पट्टा पाडतो. घरी आल्यावर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोचं लाल, हिरवं, निळं चॅनल (रंगाचा थर) वेगवेगळं उघडून बघा, रंगीत फोटोत न दिसणारं अक्षर कधीकधी निळ्या चॅनलमध्ये स्पष्ट वाचता येतं. तो फोटो वाचण्यासाठी वेगळा ठेवा, दाखवायचा फोटो मूळ रंगातलाच.

माणसं

ट्रायपॉड लावून उभं राहिलं की कोणी ना कोणी येतंच. आधी आपण नमस्कार करा, आपण कोण, काय करतोय ते सांगा. आणि पहिला प्रश्न त्या घटनेबद्दल कधीच नको. 'इथं पूर्वी काय होतं हो?' एवढं विचारा. लोक दुकानाबद्दल बोलतात, मालकाबद्दल, तिथं काय मिळायचं त्याबद्दल, आणि मग त्यांना वाटलं तर पुढचं सांगतात, नाही वाटलं तर नाही. हे विसरू नका की छोट्या गावात ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचीही नातवंडं आहेत आणि ज्यांनी केला त्यांचीही, आणि ती एकाच रस्त्यावरून रोज जातात. दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी सांगतील. दोन्ही लिहून घ्या, कोणाचं कुठलं ते नोंदवा, आणि वाद घालत बसू नका. कागदपत्रांत काय आहे ते तुम्ही आधी वाचलेलं असेलच, त्यामुळे कोण काय गाळतंय ते कळतं.

नाव छापायचं असेल तर विचारा, रेकॉर्डिंग करायचं असेल तर विचारा, लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाहीच. कोणी म्हणालं हे काढू नका, तर कायद्यानं काढता येत असलं तरी थांबा आणि का ते ऐका. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की आधी कोणीतरी येऊन फोटो काढून गेलं आणि गावाबद्दल वाट्टेल ते लिहिलं.

आणि रविवारी सकाळी काढलेल्या फोटोंवर गाव जोखू नका. रविवारी सकाळी जवळजवळ कुठलंही छोटं गाव ओसाड दिसतं. कामाच्या दिवशी, शाळा सुटायच्या वेळी परत या आणि तेच ठिकाण काढा.

स्मारकाच्या ठिकाणी स्वतःचे हसरे फोटो नकोत, हे खरं तर सांगायला लागू नये. पण एमेट टिलचा मृतदेह जिथं सापडला असं मानतात त्या नदीकाठच्या पाटीवर लोकांनी इतक्यांदा गोळ्या झाडल्या की 2019 मध्ये शेवटी बुलेटप्रूफ पाटी लावावी लागली, आणि त्याच वर्षी काही कॉलेजची पोरं बंदुका घेऊन गोळ्या लागलेल्या पाटीशेजारी उभी राहून काढलेला फोटो बाहेर आला. तिथं काढलेला फोटो पुढं त्या जागेच्याच इतिहासात जमा होतो.

आत जायचं का

परवानगी नसेल तर नाही. लाकडी फरशी वरून चांगली दिसते आणि खालून कुजलेली असते, कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीनं फुप्फुसाचे आजार होतात, जुन्या छपरांत ॲस्बेस्टॉस असतो. मालक सापडला आणि हो म्हणाला तर दिवसा, दोघं मिळून, चांगला मास्क आणि जाड तळाचे बूट घालून. आतली एकही वस्तू हलवू नका, खुर्ची खिडकीपाशी सरकवून 'छान' फ्रेम करणारे लोक असतात, तो पुरावा बिघडवणं आहे.

रस्त्यावर मागं सरकत जाताना गाडी येते, व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा असताना कळत नाही. चमकणारं जॅकेट घाला.

सार्वजनिक रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढायला बहुतेक देशांत हरकत नसते, भारत आणि अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात इमारतींच्या फोटोंना तशी सूट आहे, फ्रान्समध्ये ती सूट बरीच मर्यादित आहे. पण भिंतीवर अलीकडं काढलेलं चित्र हे त्या चित्रकाराचं असतं, ते विकायच्या फोटोत घेताना विचार करा.

एडिटिंग

कमी करा. एचडीआर (वेगवेगळ्या उजेडाचे फोटो एकत्र करणं), क्लॅरिटीचा स्लायडर शेवटपर्यंत ओढणं, रंग अर्धे काढून टाकणं, या सगळ्यानं फोटो भयपटाचं पोस्टर होतो. ब्लॅक अँड व्हाइटबद्दल माझं मत जरा ठाम आहे. रंग काढला की गोष्ट आपोआप जुनी वाटायला लागते, झालं गेलं, संपलं असं वाटतं, आणि या गावांत तर अजून ते संपलेलं नसतं. रंग ठेवला की कळतं की बंद दुकानाचा दरवाजा मागच्या वर्षीच कोणीतरी हिरवा रंगवलाय, म्हणजे कोणाचा तरी जीव आहे त्यात. तारा, कचऱ्याचे डबे, आजच्या पाट्या पुसून टाकू नका.

कॅप्शन

फोटोइतकाच वेळ यावर घालवा. इमारतीचं नाव, आधी काय होती, आज काय आहे, रस्ता, गाव, फोटो कुठल्या दिशेनं बघत काढला, तारीख. मग काय घडलं ते. 'या इमारतीत घडलं' आणि 'या गावात घडलं' हे वेगळं ठेवा, कारण एखाद्या बिचाऱ्या चपलांच्या दुकानाच्या फोटोखाली गावातल्या हत्येची गोष्ट लिहिली की वाचणाऱ्याला वाटतं तिथंच झाली. आणि कोणी केलं ते लिहा. 'तणाव झाला', 'दुर्दैवी घटना घडली' असं लिहिलं की करणारा गायब होतो. जमावानं मारलं असेल तर जमावानं मारलं असं लिहा, पोलीस कोठडीत मेला असेल तर तसं लिहा. माहिती वर्तमानपत्रातून आली की माणसाकडून, तेही एका ओळीत सांगा. मालक नक्की कोण ते कळलं नसेल तर 'बेवारस' लिहू नका, 'सध्या बंद' लिहा.

हे सगळं फोटोच्या फाइलमध्येच, मेटाडेटाच्या (फाइलला जोडलेल्या माहितीच्या) कॅप्शनच्या रकान्यात भरा, कारण पोस्टखालचा मजकूर फोटोबरोबर जात नाही. आणि आत अजून पितळी कड्या, तांब्याच्या तारा असतील अशा आडबाजूच्या इमारतीचं नेमकं लोकेशन टाकू नका, चोरही हेच फोटो बघतात.

परत जा

विल्यम क्रिस्टनबेरी नावाचा चित्रकार-फोटोग्राफर होता, अलाबामाचाच. साठच्या दशकापासून तो जवळजवळ दर उन्हाळ्यात हेल काउंटीत जायचा आणि त्याच त्या इमारतींचे फोटो काढायचा, सुरुवातीला साध्या ब्राउनी कॅमेऱ्यावर. हॅव्हाना जंक्शनला एक लहानसं लाकडी दुकान होतं, हात बघणाऱ्याची पाटी लावलेलं, ते त्यानं 1961 पासून काढलं, झाडानं ते हळूहळू गिळलं तेही काढलं आणि दुकान गेल्यावर उरलेली जागाही काढली. एकटा बघितला तर त्यातला प्रत्येक फोटो साधाच आहे, पण ओळीनं लावले की डोळ्यादेखत काळ सरकतो.

त्याच जागेवरून परत काढायचं तर नुसत्या आठवणीवर विसंबू नका. पहिल्या वेळी तुमची जागा, लेन्सचा आकडा, कॅमेऱ्याची उंची लिहून ठेवा आणि पायाखालची खूण, म्हणजे गटाराचं झाकण, फुटपाथचा सांधा, मोबाइलवर काढून ठेवा. पुढच्या वेळी जुना फोटो स्क्रीनवर उघडा आणि जवळची एक आणि लांबची एक अशा दोन कडा निवडा, समजा पुढचा खांब आणि मागच्या इमारतीचा कोपरा. त्यांच्यातलं अंतर जुन्या फोटोपेक्षा कमी-जास्त दिसलं तर तुम्ही डावी-उजवीकडं सरकलाय, जुळेपर्यंत पाऊल पाऊल हला. शंभर वर्षांपूर्वीच्या पोस्टकार्डाची जागाही याच पद्धतीनं सापडते. शक्यतो त्याच ऋतूत जा, पानगळीत दिसणारी भिंत पावसाळ्यात दिसत नाही.

घरी आल्यावर फाइलच्या नावात गाव, रस्ता, इमारत आणि तारीख, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे ओळीनं लागतात. दोन डिस्कवर ठेवा. आणि एक संच, मोठ्या साइजमध्ये, कॅप्शनसकट, त्या गावाच्या लायब्ररीला किंवा इतिहास मंडळाला न मागता पाठवून द्या, सोबत ज्यांच्याशी बोललात त्यांना एकेक प्रिंट. मागच्या बाजूला पेन्सिलनं तारीख आणि जागा लिहा, बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते.